काढ्याची कसोटी

१९७२ चा वसंत. बीजिंगच्या चिनी औषधी संशोधन संस्थेत घरोघरी पाणी साठवायला वापरतात तसले मोठाले रांजण आणून मांडले होते. त्यांत पाणी नव्हतं, ईथर होतं, आणि त्या ईथरमध्ये एका रानझुडपाचा पाला भिजत घातलेला होता. ईथर ठिणगीसरशी पेट घेतं, आणि त्याच्या वाफेत दिवसचे दिवस काम करणाऱ्याचं डोकं गरगरू लागतं. हवा खेळती राहण्याची धड सोय नव्हती. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत औषधांचे कारखाने बंद पडले होते, त्यामुळे एवढ्या प्रमाणावर अर्क काढून देणारं कोणी नव्हतं. मलेरियाचा हंगाम तोंडावर आलेला. तो हुकला की चाचणी थेट पुढच्या वर्षावर. म्हणून यूयू तू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रांजण मांडले आणि सुट्टीचा वारही न पाळता काम रेटलं. काहींच्या तब्येती बिघडल्या. खुद्द यूयूबाईंचीही बिघडली.

पुढे काय झालं ते आता जगाला ठाऊक आहे. त्या पाल्यातून आर्टेमिसिनिन निघालं, मलेरियाचं आजचं मुख्य औषध त्यावर उभं राहिलं, आणि २०१५ मध्ये यूयूबाईंना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. (पुरस्काराचा अर्धा वाटा त्यांचा, उरलेला अर्धा विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना एका वेगळ्या औषधासाठी विभागून.) पण या गोष्टीचं जे रूप लोकांच्या तोंडी आहे, ‘प्राचीन ग्रंथात सगळं होतंच, विज्ञानाला उशिरा कळलं’, ते अर्धवट आहे. उरलेली गोष्ट जास्त मोलाची आहे आणि ती अशा कितीतरी तपशिलांत दडलेली आहे.

सुरुवात युद्धात झाली. व्हिएतनामच्या जंगलात सैनिक गोळ्यांपेक्षा मलेरियाने जास्त बेजार होते आणि नेहमीचं औषध क्लोरोक्वीन लागू पडेनासं झालं होतं. उत्तर व्हिएतनामने चीनकडे मदत मागितली. २३ मे १९६७ रोजी बीजिंगमध्ये बैठक झाली आणि त्या तारखेवरूनच गुप्त मोहिमेचं नाव पडलं: प्रकल्प ५२३. साठेक संस्था, पाचशेवर संशोधक. तिकडे अमेरिकी लष्करही दोन लाखांवर रसायनं तपासून पाहत होतं.

यूयूबाई या मोहिमेत जानेवारी १९६९ मध्ये आल्या. वय ३८, शिक्षण औषधनिर्माणशास्त्राचं. त्यांनी जुन्या पोथ्या चाळल्या, म्हाताऱ्या वैद्यांना गाठलं, दोन हजारांवर कृती जमवल्या आणि त्यांतल्या ६४० निवडून वही तयार केली. थोरली मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिला पूर्णवेळ पाळणाघरात ठेवलं, धाकटीला निंगबोला आजीआजोबांकडे. नवऱ्याची रवानगी खेड्यात झाली होती.

सुमारे दोनशे वनस्पती, ३८० अर्क. त्यांत चिंगहाव नावाच्या झुडपाचा एक अर्क होता. आपल्याकडे चैत्रात जोतिबाला वाहतात तो सुगंधी दवणा याच आर्टेमिसिया प्रजातीतला. या अर्काने उंदरांमधल्या मलेरियाच्या परजीवींना पहिल्यांदा ६८ टक्के रोखलं. पुन्हा करून पाहिलं, तर आकडा १२ ते ४० टक्क्यांत घसरला. अशा वेळी बहुतेक लोक ती वनस्पती यादीतून काढून टाकतात.

यूयूबाई परत ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातल्या गे होंग नावाच्या वैद्याने तातडीच्या आजारांसाठी एक हातपुस्तिका लिहिली होती. तापावरच्या त्याच्या कृतीत चिंगहावची मूठभर पानं पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यायला सांगितलं होतं. काढा उकळा असं तिथे म्हटलेलं नव्हतं. चिनी औषधं बहुतेककरून उकळूनच घेतात, त्यामुळे हे न लिहिलेलं त्यांच्या डोळ्यांत भरलं. उष्णतेने औषधी अंश मरत असेल का? त्यांनी पाण्याऐवजी ३५ अंशांनाच उकळणारं ईथर घेतलं, अर्कातला आम्लधर्मी भाग वेगळा काढून टाकला (विषारीपणा त्यात होता, गुण नव्हता) आणि उरलेला भाग तपासला. ४ ऑक्टोबर १९७१ ला १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधले परजीवी शंभर टक्के मारले. पुढे माकडांमध्येही तेच.

म्हणजे ग्रंथाने काय दिलं? एक इशारा दिला. कोणतं झुडूप आणि ते कसं हाताळायचं याचा. कोणता भाग, किती मात्रा, कोणत्या परजीवीवर, किती दिवस, शरीराला काय अपाय, यांतलं काहीही ग्रंथात नव्हतं आणि असणं शक्यही नव्हतं. मलेरियाचा परजीवीच मुळी १८८० मध्ये पहिल्यांदा दिसला. गे होंगचं ऋण मान्य करावं, मोकळ्या मनाने करावं. पण त्या इशाऱ्यापासून औषधापर्यंतचा रस्ता रांजणांतून, उंदरांतून आणि माणसांच्या शरीरांतून गेला, हे त्याच श्वासात सांगितलं पाहिजे.

माणसांची शरीरं हे शब्द इथे शब्दशः घ्यायचे. प्राण्यांवरच्या काही चाचण्यांत अर्क सुरक्षित आहे की नाही याबद्दल शंका उरली होती आणि वाद सुरू झाला होता. जुलै १९७२ मध्ये यूयूबाई आणि दोन सहकारी रुग्णालयात दाखल झाले आणि देखरेखीखाली त्यांनी अर्क स्वतः घेतला. आठवडाभर काही त्रास झाला नाही. मग आणखी पाच सहकारी वाढत्या मात्रा घ्यायला पुढे आले. त्यानंतर हैनान बेटावर २१ रुग्णांना औषध दिलं गेलं आणि ताप उतरले.

मग एक गमतीदार वाटेल असा, पण खरोखर धडकी भरवणारा प्रसंग घडला. शुद्ध स्फटिक हाती आल्यावर त्यांच्या गोळ्या करून १९७३ मध्ये हैनानला पाठवल्या, तर निकाल निराशाजनक आले. मोहीम तिथेच गुंडाळली गेली असती. परत आलेल्या गोळ्या बीजिंगमध्ये खलात घालून पाहिल्या तेव्हा कळलं की त्या इतक्या घट्ट दाबल्या गेल्या होत्या की बत्त्यानेही धड फुटेनात. रुग्णाच्या पोटात त्या विरघळतच नव्हत्या. तेच स्फटिक कॅप्सूलमध्ये भरून दिल्यावर गुण आला.

या यशात वाटेकरी बरेच. युन्नानमध्ये आणि शांतोंगमध्ये वेगवेगळ्या गटांनी तेच स्फटिक वेगळे काढले, ग्वांगझोच्या ली ग्वोच्याओ यांनी मेंदूच्या मलेरियाच्या अत्यवस्थ रुग्णांवर ते वापरून दाखवलं, बीजिंग-शांघायच्या रसायनशास्त्रज्ञांनी रचना उलगडली. रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडून एक पूल तयार झालेला असतो. परजीवी आपल्या तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो, त्यातलं लोह सुटं होतं, लोहाशी गाठ पडताच हा पूल तुटतो आणि परजीवीची प्रथिनं नासतात. १९७७ मध्ये रचना प्रसिद्ध झाली तेव्हा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लेखकांची नावं नव्हती, फक्त गटाचं नाव होतं. श्रेयाचा वाद नोबेलनंतरही पुरता मिटलेला नाही.

खरी परीक्षा मात्र मोठ्या चाचण्यांत झाली, आणि त्यांतल्या एकीत भारताचा वाटा आहे. जुनं क्विनीन चांगलं की आर्टेमिसिनिनपासून बनवलेलं आर्टेसुनेटचं इंजेक्शन, हे पाहायला बांगलादेश, म्यानमार, इंडोनेशिया आणि भारतात (आपल्याकडे ओडिशातल्या राउरकेल्यात) गंभीर मलेरियाच्या १,४६१ रुग्णांची चाचणी झाली. २००५ मध्ये निकाल आला: क्विनीन घेतलेल्यांत २२ टक्के दगावले, आर्टेसुनेट घेतलेल्यांत १५ टक्के. पाच वर्षांनी आफ्रिकेतल्या ५,४२५ मुलांवरच्या चाचणीत हेच आकडे १०.९ आणि ८.५ होते. दीर्घकाळ राज्य केलेलं क्विनीन पायउतार झालं.

गडचिरोलीत भामरागड-धानोऱ्याकडच्या पाड्यांवर आशाताई तापकऱ्याच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेते. थोड्या वेळात फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीची रेघ उमटली, तर तीन दिवसांच्या गोळ्यांचं पाकीट हातात ठेवते. पाकिटाचा रंग वयावर ठरलेला असतो: तान्ह्याला गुलाबी, चार वर्षांपर्यंत पिवळं, मग हिरवं, लाल, आणि पंधरा वर्षांवरच्यांना पांढरं. त्यात आर्टेसुनेट असतं आणि सोबतीला दुसरं एक औषध. ही सोबत सक्तीची आहे. एकट्या आर्टेमिसिनिनची विक्री थांबवा असं जागतिक आरोग्य संघटनेने कंपन्यांना २००६ मध्ये बजावलं, कारण एकटं औषध वापरलं की परजीवी त्याला सरावतात. तसं झालंही: कंबोडियाच्या पश्चिमेला पाइलिनमध्ये परजीवी मरायला जास्त वेळ लागतो असं दिसलं, २०१४ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं, आणि आता रवांडा-युगांडातही ते परजीवी आढळले आहेत. म्हणूनच त्याच झुडपाच्या सुक्या पानांचा चहा करून पिण्याला संघटनेचा विरोध आहे. कपात औषध किती उतरलं हे कोणी सांगू शकत नाही, आणि अपुरी मात्रा रुग्णालाही मारते, औषधालाही.

दुसरी गोष्ट सोमलाची. ही वनस्पती नव्हे, खनिज. पण आपल्या रसशास्त्राप्रमाणे चिनी वैद्यकातही झाडपाला आणि खनिजं एकाच बटव्यात असतात.

मांचुरियातल्या हार्बिनजवळच्या खेड्यात एक वैद्य गाठींवर एक जहाल मिश्रण देतो अशी वार्ता सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हार्बिनच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचली. मिश्रणात तीन गोष्टी: सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाचं विष. हान तायून यांनी त्याचं इंजेक्शन बनवलं आणि झांग टिंगडाँग यांच्यासोबत ते तपासायला घेतलं. त्यांनी मिश्रण पवित्र मानलं नाही, सोडवून पाहिलं. भेकाच्या विषाने रक्तदाब चढत होता. पाऱ्याने मूत्रपिंडाला इजा होत होती. दोन्ही काढून टाकली तरी गुण कायम राहिला. म्हणजे काम सोमलाचंच. मग त्यांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. कर्करोगाच्या सगळ्या प्रकारांवर हक्क न सांगता कोणत्या प्रकारात गुण येतो ते शोधत गेले आणि एका ठिकाणी येऊन थांबले: रक्ताच्या कर्करोगाचा प्रोमायलोसायटिक हा प्रकार, ज्यात रुग्ण काही दिवसांत रक्तस्रावाने दगावायचा.

त्यांचे निबंध चिनी भाषेत छापून आले आणि बाहेर कोणी वाचले नाहीत. नव्वदीत शांघायच्या चेन झू आणि वांग झेन्यी यांच्या गटाने हार्बिनकरांशी हात मिळवला आणि जग जागं झालं. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सोमलाला, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइडला, मान्यता दिली. ते नेमकं काय करतं हेही पुढे कळलं: या कर्करोगाचं मूळ असलेल्या एका विचित्र, जोडून तयार झालेल्या प्रथिनाला सोमल थेट चिकटतं आणि ते नष्ट करवतं. २०१३ मध्ये युरोपातल्या चाचणीत ‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप आणि सोमल एवढ्यावरच, केमोथेरपीशिवाय, दोन वर्षांनी ९७ टक्के रुग्ण रोगमुक्त होते. केमोथेरपीच्या गटात ८६ टक्के.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं काम या यादीत मानाने घ्यायला हवं. महागडे उपचार ज्यांना परवडत नव्हते अशा रुग्णांना तिथल्या डॉक्टरांनी १९९८ पासून एकटं सोमल देऊन पाहिलं. २००६ मध्ये ७२ रुग्णांचा अहवाल त्यांनी छापला: ८६ टक्के रुग्णांचा रोग आटोक्यात आला. विष म्हणून ज्याचं नाव घ्यायचं, त्या द्रव्याने गरीब घरातली तरुण माणसं जगवली.

आता उलट बाजू. तीही तितक्याच ठळकपणे लिहायला हवी, कारण तिथे माणसं मेली आहेत.

ब्रसेल्समध्ये वजन उतरवून देणाऱ्या एका दवाखान्याने १९९० मध्ये आपल्या गोळ्यांत दोन चिनी वनस्पती घातल्या. दोन वर्षांत तरुण, धडधाकट बायका मूत्रपिंडं निकामी होऊन रुग्णालयात येऊ लागल्या. बेल्जियन डॉक्टर व्हानहरवेगेम यांनी माग काढला. एक वनस्पती भलतीच आली होती: स्टेफानियाच्या मुळांऐवजी ॲरिस्टोलोकियाची मुळं. बाजारात दोघींना जवळपास एकच नाव, वाळलेल्या चकत्या दिसायलाही सारख्या. शंभरावर रुग्ण निघाले. ज्या ३९ जणांनी पुढच्या धोक्यापायी निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रनलिका काढून घेतल्या, त्यांतल्या १८ जणांच्या तिथल्या ऊतींमध्ये कर्करोग सापडला. हा निकाल २००० साली प्रसिद्ध झाला.

ॲरिस्टोलोकिक आम्ल पेशींच्या डीएनएवर बसतं आणि तिथे ओळखू येणारा ठसा उमटवतं. वर्षांनंतरही गाठीतल्या जनुकांवरून सांगता येतं की या माणसाच्या पोटात ही वनस्पती गेली होती. तैवानमध्ये अशी औषधं सर्रास लिहून दिली जात. २००३ मध्ये बंदी आली. २०१७ मध्ये तिथल्या यकृताच्या कर्करोगाच्या ९८ नमुन्यांचा अभ्यास झाला, तेव्हा ७८ टक्के नमुन्यांत तो ठसा होता. हजारो वर्षांच्या अनुभवाला हे दिसलं का नाही? औषध घेतल्यापासून मूत्रपिंड निकामी व्हायला काही महिने ते वर्षं लागतात, कर्करोगाला त्याहून जास्त. पोटदुखी उठली तर वैद्याला दुसऱ्या दिवशी कळतं. पंधरा वर्षांनी, दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरकडे निदान झालेला कर्करोग कोणत्याही वैद्याला, कितीही निष्णात असला तरी, आपल्या पुडीशी जोडता येत नाही. त्यासाठी नोंदी लागतात, मोठे आकडे लागतात. हा वैद्यांचा दोष नाही. पण ‘पूर्वापार चालत आलंय म्हणजे निर्धोक’ हा युक्तिवाद इथे कायमचा संपतो.

हे प्रकरण परक्या देशाचं म्हणून सोडून देता येणार नाही. सह्याद्रीत आणि कोकणात जिला ईश्वरी किंवा सापसंद म्हणतात आणि सर्पदंशावर जिची मुळी उगाळून देतात, ती वेल ॲरिस्टोलोकियाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या प्रजातीच्या औषधांना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. ती मुळी कोणाच्या घरात पोटात घ्यायला ठेवलेली असेल, तर ती घेऊ नये. साप चावला की रुग्णालय गाठावं.

गेल्या काही वर्षांत संशोधनाने आणखी अवघड प्रश्न हातात घेतला आहे. आर्टेमिसिनिन आणि सोमल या दोन्ही गोष्टींत मिश्रणातून एक रेणू बाहेर काढला गेला. परंपरागत वैद्यांचं म्हणणं असतं की आमचं औषध म्हणजे मिश्रणच. एकेक सुटं केलंत तर ते आमचं उरत नाही. रास्त म्हणणं आहे. मग मिश्रणच्या मिश्रण तपासा. येल विद्यापीठात युंग-ची चेंग यांनी अठराशे वर्षांपूर्वीची जुलाबावरची चार वनस्पतींची कृती घेतली, तीत आपला ज्येष्ठमधही आहे, आणि केमोथेरपीने होणाऱ्या जुलाबांवर ती तपासायला सुरुवात केली. पहिला अडथळा रोगाचा नव्हता, मालाचा होता: या वर्षीची मुळी आणि पुढच्या वर्षीची मुळी एकच रसायन देईल कशावरून? त्यामुळे प्रत्येक खेपेचा रासायनिक ठसा जुळवून पाहण्याची पद्धत आधी बसवावी लागली.

दुसरा अडथळा चवीचा. चाचणीत निम्म्या रुग्णांना औषध आणि निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली हुबेहूब नक्कल, द्यायचं, आणि कोणाला काय मिळालं हे रुग्णाला, डॉक्टरला कळू द्यायचं नाही. गोळीचं सोपं असतं. पण कडूजहर, उग्र वासाच्या काढ्याची नक्कल कशी करायची? ती जमल्याशिवाय निकालावर विश्वास ठेवता येत नाही. चीनमधल्या जुन्या चाचण्यांपैकी बऱ्याच याच ठिकाणी कच्च्या राहिल्या.

आताच्या चाचण्या तशा नाहीत. २०२३ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी नियतकालिकात थोंगशिनलुओ नावाच्या कॅप्सूलचा निकाल आला. जिनसेंग, चंदन यांच्या जोडीला जळू, विंचू, गोम यांचीही पूड असलेलं हे मिश्रण चीनमधल्या १२४ रुग्णालयांत, हृदयविकाराचा मोठा झटका आलेल्या ३,७७७ रुग्णांवर नेहमीच्या उपचारांच्या जोडीला प्लासिबोशी तुलना करून तपासलं गेलं. तीस दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशा घटना प्लासिबो गटात ५.२ टक्के झाल्या, औषधाच्या गटात ३.४ टक्के. फरक खरा दिसतो. त्याच वर्षी हृदय कमकुवत झालेल्या ३,११० रुग्णांवर, थोंगशिनलुओ बनवणाऱ्या कंपनीच्याच दुसऱ्या मिश्रणाच्या, झालेल्या चाचणीचाही अहवाल आला. तिथेही निकाल औषधाच्या बाजूने. विंचवाच्या पुडीने हृदय वाचतं या कल्पनेने नाक मुरडणाऱ्यांनी हे आकडे नीट वाचावेत. आणि आनंदाने टाळ्या पिटणाऱ्यांनी हेही वाचावं की मिश्रणातलं नेमकं काय काम करतं ते उलगडलेलं नाही आणि थोंगशिनलुओच्या चाचणीतले सगळे रुग्ण चीनमधले होते. दुसऱ्या देशात, औषध कंपनीशी संबंध नसलेल्या लोकांनी हेच करून दाखवलं पाहिजे.

त्याच्या पुढच्याच वर्षी मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांसाठीच्या एका द्रावणाचा निकाल लागला. चीनमध्ये या आजारावर परंपरागत मिश्रणं भरपूर वापरली जातात. २६ रुग्णालयं, १,६४८ रुग्ण, रंगाला, वासाला आणि चवीला तंतोतंत जुळणारं प्लासिबो. नव्वद दिवसांनी रुग्ण कितपत सावरला याचा गुण काढला. औषधाच्या गटाचा गुण ०.४४ आला. प्लासिबोच्या गटाचाही ०.४४.

हा अभ्यास नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऑस्ट्रेलियन संस्थेचे संशोधक होते, पण चाचणीच्या नेतृत्वात पुढे होते ते ग्वांगझोच्या चिनी वैद्यकाच्या प्रांतिक रुग्णालयातले ग्वो च्यानवेन. परंपरागत उपचारांसाठीच नावाजलेलं हे रुग्णालय. त्या द्रावणाने रुग्णाला फायदा होत नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी स्वतः मोजलं आणि स्वतःच्या नावाने छापलं.